चौदा नंबरची मुलगी

मार्लिस कोस्केलाची नजर आमच्या भागात प्रसिद्ध होती. मुलगी हॉकी खेळायला बर्फावर उतरून दोन फेऱ्या मारते न मारते तोच मार्लिस सांगून टाकायची, ही होईल, ही व्हायची नाही. चर्चच्या तळघरात रविवारी कॉफी पीत बसलेल्या मंडळींपैकी कुणाला जुनी गाडी घ्यायची असली, तरी ‘आधी मार्लिसला दाखवून आण’ अशी थट्टा व्हायची. ती हसायची आणि विषय हवापाण्यावर न्यायची. तिचा स्वतःचा त्या नजरेवर भरवसा कधीच उडाला होता, आणि हे तिने नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही अर्धंच.

मिनेसोटाच्या अगदी उत्तरेला, कॅनडाची हद्द हाकेच्या अंतरावर असलेलं टॅमरॅक हे तिचं गाव. तिथली तळी गोठली की पोरांच्या पायांत स्केट्स चढायचे ते वसंतात बर्फ पायाखाली कुरकुरायला लागेपर्यंत उतरायचे नाहीत. मार्लिस भावांबरोबर हॉकी खेळायची, केस टोपीत कोंबून. बारा-तेराव्या वर्षी टोपी पडली आणि बिंग फुटलं. मग तिला रीतसर झगा घालून बर्फावर गिरक्या मारायला शिकवणाऱ्या बाईंकडे धाडण्यात आलं. त्या गिरक्यांचा तिला जन्मभर राग होता. पुढे ती गावच्या कॉलेजात व्यायामशिक्षिका झाली, आणि एके वर्षी मुली प्राचार्यांच्या दारात धरणं धरून बसल्या, की आम्हालाही हॉकीचा संघ हवा. प्राचार्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली. स्केट्सवर उभं राहता येणारी बाई एकच निघाली. प्रशिक्षण देता येतं का, असं तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

सुरुवातीची वर्षं हलाखीची गेली. पुरुषांच्या संघाने टाकून दिलेल्या जर्सी मुलींच्या गुडघ्यापर्यंत यायच्या. रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, मिळायची ती पहाटे, मुलांचे कुणाचेच डोळे उघडलेले नसताना. पहिल्या हंगामात एकच सामना जिंकला, तोही समोरच्या संघाची बस बर्फात रुतली म्हणून. पण मार्लिस चिवट होती. हळूहळू तिला एक गोष्ट उमगली. मुलीकडे चकती, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतला चेंडू, असताना सगळ्याच मुली बऱ्या दिसतात. चकती हातची गेल्यावर ती काय करते, ते बघायचं. कुणी पंचाकडे बघते, कुणी आईकडे, कुणी काठी आपटते. एखादीच मान खाली घालून, वळून, चकतीच्या मागे सुटते. ती मुलगी उचलायची. या एका कसोटीवर तिने असा संघ उभा केला, की मोठ्या शहरांतल्या कॉलेजांना आमच्या गावाचं नाव नकाशात शोधावं लागलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यातच आहे. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं, तर लगेच घेत नाहीत. मग तो कॉफीचा कप असो नाहीतर मुलीसाठी आलेली मागणी. पहिल्यांदा ‘नको’, दुसऱ्यांदा ‘अहो, खरंच नको’, आणि तिसऱ्यांदा ‘बरं, अगदी थोडं’. तिसऱ्यांदा न विचारणारा माणूस चिक्कू ठरतो आणि पहिल्यांदाच घेणारा हावरट. तसंच आपल्या लेकराचं कौतुक करायचं नाही. पोरगी राज्यात पहिली आली, तर बाप म्हणणार, ‘बरं चाललंय तिचं.’ मार्लिस याच मातीतली. हे सगळं तिच्या अंगात इतकं भिनलेलं होतं, की त्याला रीत म्हणतात हेही तिला ठाऊक नव्हतं.

तर झालं असं. एका फेब्रुवारीत ती शेजारच्या तालुक्यातल्या एका छोट्या शाळेचा सामना बघायला निघाली. वाटेत हिमवादळाने गाठलं. तिचा नवरा व्हर्न तालुक्याची बर्फ उपसायची गाडी चालवायचा. त्या दिवशी त्याच रस्त्यावर त्याचीच गाडी पुढे, आणि बायको मागे रखडत. ती रिंकवर पोचली तेव्हा तीन भागांपैकी पहिला संपून दुसरा सुरू झाला होता. टोपीवरचा बर्फही न झटकता ती बाकावर बसली आणि तिला चौदा नंबरची मुलगी दिसली.

त्या मुलीचं वर्णन मार्लिसने व्हर्नला त्या रात्री जेवताना केलं, आणि पुढे कितीतरी रात्री केलं. डावखुरी. तोंडावर सगळ्यांच्या असते तशी लोखंडी जाळी, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठीवर पिवळी वेणी. धिप्पाड नाही, पण बर्फावर अशी वाकून धावायची, जणू खाली काही पडलंय ते शोधतेय. चकती एकदाच गमावली तिने, आणि मान खाली घालून अशी वळली, की ज्या मुलीने ती हिसकावली होती तिला आनंद व्हायलाही सवड मिळाली नाही. मार्लिस उठून कॉफीच्या खिडकीपाशी गेली आणि कॉफी ओतणाऱ्या बाईला विचारलं, चौदा नंबर कोण. बाईने मान वर न करता सांगितलं, “ती होय, ती हाल्वर्सनांची जोलीन.”

पुढच्या आठवड्यात मार्लिस हाल्वर्सनांच्या स्वयंपाकघरात बसली होती. ऑर्विल हाल्वर्सन दुधाचा टँकर चालवायचा. बायकोने वर बटाट्याचे गोळे रचलेली हॉटडिश ओव्हनमधून काढली. जोलीन गुडघा पट्टीत गुंडाळून खुर्चीवर पाय टाकून बसली होती. मार्लिसने तो सामना बघितल्याचं सांगितलं, मुलीचं खेळणं फार आवडलं म्हणाली, आणि आमच्या कॉलेजात हिला शिष्यवृत्तीवर जागा देते, असं सरळ सांगून टाकलं.

ऑर्विलने काटा खाली ठेवला. म्हणाला, “त्या दिवशी ती काही फारशी खेळली नाही हो.”

मार्लिस मनात खूश झाली. बापाने बढाई मारली असती तर तिला शंका आली असती. तिने पुन्हा सांगितलं. मग आई म्हणाली, की आमची जोलीन कष्टाळू आहे, पण तुमच्या संघाच्या तोडीची नाही, लोकांत हसं व्हायचं. जोलीन स्वतः लाल होत पुटपुटली, की मी बर्फावर होते ती अगदी थोडा वेळ. मार्लिसला त्या घराचं कोण कौतुक वाटलं. काय वळण लावलंय पोरीला. मग तिने तिसऱ्यांदा विचारलं. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. दोनदा नाही म्हणून झालं होतं, आता आणखी नाही म्हणणं म्हणजे घरी आलेल्या बाईचा अपमान.

“बरं मग,” ऑर्विल म्हणाला, “तुम्ही इतकं म्हणताय तर.”

सप्टेंबरात जोलीन पहिल्या सरावाला आली. तिने काठी हातात घेतली, ती उजवीकडून.

मार्लिसला वाटलं, गंमत करतेय. मग वाटलं, गुडघ्यामुळे असेल, पण गुडघ्याचा आणि हाताचा काय संबंध? जोलीनने चकती मारली, ती गोलाच्या जाळीवरून जाऊन मागच्या काचेवर आदळली. दुसरी त्याच वाटेने गेली. धावायची ती ताठ, नजर समोर, शाळेच्या कवायतीत चालावं तशी. मार्लिसने शिट्टी तोंडात धरली ती वाजवायची राहून गेली.

संध्याकाळी तिने व्हर्नला विचारलं, “माणसाचा हात बदलतो का रे? म्हणजे डावखुरा माणूस सहा महिन्यांत उजवा होतो?”

“मोडला तर होतो,” व्हर्न म्हणाला. “मोडलाय का कुणाचा?”

“नाही.”

“मग तूच पलीकडच्या बाजूला बसली असशील, मार्ली. तिकडून सगळं उलटं दिसतं.”

कुठल्याही बाजूला बसलं तरी डावा हात डावाच राहतो, हे तिला कळत होतं, पण तरीही ती ताटातल्या काट्याला काठी समजून इकडून तिकडून फिरवून बघत राहिली. व्हर्नने तो काटा तिच्या हातातून काढून घेतला. त्या रात्रीपासून तिचा गोंधळ सुरू झाला. ज्या डोळ्यांवर तिने संघ उभा केला, त्यांनी तिला नसलेली मुलगी दाखवली होती का? बर्फाच्या वाटेने आलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, तसं काही झालं होतं का? तिने गुपचूप जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, ससाण्यासारखे आहेत. त्याने ती जास्तच चक्रावली.

उलगडा झाला तो नाताळाच्या थोडं आधी, बसमध्ये. बाहेरगावचा सामना हरून संघ परतत होता. मागे मुली आपापल्या जखमांच्या बढाया मारत होत्या. या एका बाबतीत आमच्याकडे बढाई चालते. मार्लिस पुढच्या बाकावर डोळे मिटून पडली होती. जोलीनचा आवाज आला. तिच्या गुडघ्याचं कसं झालं, ते ती सांगत होती. सामना सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती, मैदानाच्या कडेच्या फळीवर आदळली आणि संपलं. मग डार्लाचं नाक फुटलं. डार्ला नोवाक, तिची मैत्रीण. जर्सीवर रक्त सांडलं, आणि रक्ताच्या जर्सीत पंच कुणाला खेळू देत नाहीत. शाळा एवढीशी, जादा जर्सी होती कुठे? मग जोलीनने आपली अंगातली काढून तिला दिली. “मी बाकावर कुडकुडत बसले,” जोलीन हसत म्हणाली, “आणि ती माझ्या चौदा नंबरात चार गोल मारून आली. कर्ण्यावरून सांगितलं होतं म्हणा, पण कर्णा ऐकतो कोण?”

मार्लिसने डोळे उघडले नाहीत. तिला कॉफी ओतणारी ती बाई आठवली, आणि ऑर्विलचा खाली ठेवलेला काटा. त्या घराने तीन तोंडांनी तिला खरं तेच सांगितलं होतं आणि तिने त्याला सौजन्य समजून वर आणखी आग्रह केला होता. चूक कुणाची म्हणावी, हेच तिला कळेना. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

गावात सगळ्या उतरल्या. जोलीन मागे रेंगाळली. पिशवी खांद्यावर घेत म्हणाली, “पण कोच, तुम्ही माझा गुडघा जायच्या आधीच बघितलं होतंत ना मला? त्या दहा मिनिटांत?”

मार्लिसने पोरीच्या तोंडाकडे बघितलं. या मुलीला कुणी कधी निवडलं नव्हतं. आणि राज्यातल्या नामांकित नजरेने तिला दहा मिनिटांत निवडलं, एवढ्या एका गोष्टीवर ती रोज पहाटे उठून येत होती, सगळ्यांच्या आधी. मार्लिसने मान हलवली. आमच्याकडे मान हलवण्याचे बरेच अर्थ होतात. जोलीनने तिला हवा तो घेतला.

आता प्रश्न डार्ला नोवाकचा होता. तिचं कॉलेज मार्लिसने भलत्याच मुलीला देऊन टाकलं होतं, आणि ही जाणीव तिला जेवू देईना. जानेवारीत ती गाडी काढून डार्लाच्या गावी गेली. डार्ला शाळा संपवून लाकडाच्या वखारीत कामाला लागली होती. मार्लिस आत शिरली तेव्हा ती एका फळीचं टोक धरून मागे मागे जात होती, वाकून, जणू खाली काही पडलंय. मार्लिसला तिला विचारावंही लागलं नाही, डार्ला कोण म्हणून.

खरं सांगायचा तिचा बेत होता. पण सांगायचं म्हणजे जोलीनचं पितळ उघडं पाडायचं, आणि दोघी जिवलग मैत्रिणी. म्हणून ती एवढंच म्हणाली, की पुढच्या वर्षी आमच्याकडे एक जागा आहे, तू यावंस असं मला वाटतं. डार्लाने हातमोजे काढले, तिच्यासाठी कॉफी ओतली आणि म्हणाली, की नको, इथं बरं चाललंय. मार्लिसने पुन्हा विचारलं. डार्ला कपात बघत म्हणाली, “नाही, खरंच नको. दुसऱ्या कुणा गरजू मुलीला द्या.”

आणि इथे मार्लिस थबकली. हाल्वर्सनांच्या स्वयंपाकघरात लोकांनी खरं सांगितलं आणि आपण ती रीत समजलो. आता पुन्हा तोच मूर्खपणा करायचा? मुलगी स्वच्छ नाही म्हणतेय. एकदा तरी माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा. तिने कप खाली ठेवला, कॉफीबद्दल आभार मानले आणि निघाली. आमच्याकडे निरोप घ्यायला तासभर लागतो. आधी मांडीवर थाप मारून ‘चला’, मग दारात, मग गाडीच्या काचेपाशी. मार्लिस दारातसुद्धा थांबली नाही. डार्ला कॉफीची किटली हातात धरून वखारीत उभी राहिली.

जोलीनला गोल मारता कधी आलाच नाही. चार वर्षांत तिने इतके कमी गोल केले, की प्रत्येक गोलाला तिच्या आईने केक केला होता. पण गोलाकडे सुटलेल्या चकतीपुढे अंग झोकून देणारी तिच्यासारखी मुलगी त्या भागात झाली नाही. निळ्या-काळ्या पायांनी ती वर्गात बसायची. रडणाऱ्या नवख्या मुलीला स्केट्सची नाडी बांधून द्यायची, भांडणाऱ्यांना एका बाकावर बसवायची. पुढे ती सहायक कोच झाली, आणि मुली मार्लिसला जे सांगत नसत ते तिला सांगू लागल्या. लोक म्हणायचे, बघा मार्लिसची नजर. गोल न मारणारी मुलगी निवडली, आणि संघाचा कणा निघाली.

असं कुणी म्हटलं, की मार्लिसचा गोंधळ आणखी वाढायचा. म्हणजे तिची नजर बरोबर होती की काय? पण तिने तर जोलीनला बघितलंच नव्हतं. चुकून बरोबर निवडलं, तर ते बरोबर होतं का? आणि बरोबर असेल, तर डार्लाचं काय झालं त्याला काय म्हणायचं? व्हर्न म्हणायचा, तू फार विचार करतेस, सौना तापलाय, चल. वाफेत बसूनही तिचा विचार चालूच राहायचा.

भरीत भर म्हणजे डार्ला अधूनमधून सामन्यांना यायची. सगळ्यात वरच्या रांगेत, एकटी, वखारीचं जाकीट घातलेली. जोलीनला हात करायची आणि सामना संपला की निघून जायची. कॉलेज नको म्हणणारी मुलगी त्याच कॉलेजचा खेळ बघायला एवढा बर्फ तुडवत का येते, हे मार्लिसला कळायचं नाही. ती वर बघायची आणि एका क्षणात नजर खाली घ्यायची. अशी वर्षं गेली. दोघींचे केस पिकायला लागले, एकीचे जरा जास्त.

मार्लिस निवृत्त व्हायला निघाली, तेव्हा तिची जागा जोलीनला द्यायचं ठरलं. त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं. निरोपाच्या जेवणाच्या आदल्या आठवड्यात दोघी कार्यालयातले जुने करंडक खोक्यांत भरत होत्या. जोलीन एक करंडक पुसता पुसता म्हणाली, “कोच, तो रस्ता त्या दिवशी बंद होता. दुसरा भाग सुरू होईपर्यंत. व्हर्ननीच उपसला ना तो. त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, सहज बोलता बोलता.”

मार्लिसच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, तुम्हाला ते तसंच राहायला हवंय.” जोलीनने करंडक कागदात गुंडाळला. “ते कळल्यावर दोन महिने रोज पिशवी भरायचे, घरी जायला. मग म्हटलं, आलेच आहे तर काहीतरी उपयोगाची होऊन दाखवावं. पण डार्लाला हे ठाऊक नाही. मी नाही सांगितलं, ते सांगणं माझं काम नव्हतंच. तिला जेवणाला बोलावलंय मी.”

मार्लिसला जोलीनचा राग आला, स्वतःची लाज वाटली आणि त्या मुलीबद्दल माया दाटून आली, सगळं एकदमच, आणि तिने आणखी एक खोकं ओढलं.

जेवण चर्चच्या तळघरात झालं. भाषणं झाली. तिच्या नजरेचं कौतुक झालं, तेव्हा ती टेबलाच्या चादरीवरचा डाग बोटाने चोळत बसली. मंडळी निरोप घ्यायला दारात गोळा झाली, म्हणजे अजून तासाभराची निश्चिंती होती. मार्लिस स्वयंपाकघरात गेली. तिथे डार्ला नोवाक बाह्या वर करून कॉफीच्या मोठ्या किटल्या पुसत होती. न सांगता कामाला लागलेली. मार्लिसने नळ सोडला आणि धुवायला सुरुवात केली.

एक किटली धुऊन झाली. मग ती आमच्याकडे कुणी बोलत नाही तसं बोलली, एका दमात. म्हणाली, की त्या वादळाच्या दिवशी मी दुसऱ्या भागात पोचले. चौदा नंबरात मी तुला बघितलं. जोलीनला नाही, तुला. तिच्या घरी गेले ते तुझ्यासाठी.

डार्लाचा पुसणारा हात थांबला.

“मला वाटलं होतं, जोलीनने शब्द टाकला असेल,” ती सावकाश म्हणाली. “म्हणून वखारीत आलात. मैत्रिणीची कीव. खेळाबद्दल एक अक्षर बोलला नाहीत तुम्ही.”

“तू दोनदा नाही म्हणालीस.”

“मग? लगेच हो म्हणणार होते का मी? माझ्या आईने हाकललं असतं घरातून.” तिने किटली खाली ठेवली. “तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंच नाहीत. मी कपडेसुद्धा मनात भरून ठेवले होते. मग तुम्ही दारातही थांबला नाहीत. मला वाटलं, सुटल्यासारखं झालंय बाईंना.”

मार्लिसने तिला हाल्वर्सनांच्या स्वयंपाकघराची हकीकत सांगितली. ऑर्विलचं बोलणं, आईचं, तिचा तो तिसरा आग्रह, आणि मग वखारीत तिने घेतलेला शहाणपणाचा निर्णय. सांगता सांगता तिलाच ते खुळ्यासारखं वाटायला लागलं. डार्ला हसायला लागली. हसता हसता टेबलाला टेकली, आणि मग तिचं हसू कुठेतरी गेलं.

“म्हणजे ऑर्विल खरं बोलला म्हणून मी राहिले,” ती म्हणाली.

“मला फार वाईट वाटतं, डार्ला. तू वर बसलेली दिसायचीस तेव्हा तर फारच.”

बाहेर दारात कुणीतरी मांडीवर थाप मारून पुन्हा ‘चला’ म्हणालं, आणि कुणीच हललं नाही. मार्लिसला वाटलं, आता ही जाकीट घेईल आणि जाईल, आणि तसं झालं तर तिला दोष देता यायचा नाही. डार्लाने फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली. मग खाली बघत विचारलं, “कशी खेळत होते मी?”

हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नाही. मार्लिसला क्षणभर ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं, की या बाईला कुणीच कधी सांगितलं नसेल. बापाने ‘बरं चाललंय’ म्हटलं असेल. शाळेच्या कोचने पाठीवर थाप दिली असेल. कर्ण्यावर तिचं नाव घेतलं होतं, ते कुणी ऐकलं नव्हतं. जी एकटी तिला बघून थक्क झाली, तिने ते कौतुक दुसऱ्याच मुलीच्या घरी जाऊन केलं होतं.

ती सांगू लागली. पहिला गोल कसा, उजव्या कोपऱ्यातून, गोलकीपर पडायच्या आधी नव्हे, ती पडू लागली त्याच क्षणी. दुसऱ्याच्या वेळी डार्लाने मारायचा आव आणला आणि चकती मागे कुणाकडे तरी न बघताच ढकलली, आणि ती मुलगी इतकी दचकली की तिने परत डार्लालाच दिली. चकती हातची गेली ती निळ्या रेषेपाशी, आणि वळताना डार्लाचा डावा खांदा बर्फाच्या किती जवळ गेला. हातवारे करताना मार्लिसच्या बोटांवरचा फेस फरशीवर पडत होता. एवढ्या वर्षांत त्यातलं काहीच पुसट झालं नव्हतं. “इतकं चांगलं खेळताना मी कुणालाच बघितलं नाही,” ती म्हणाली. “त्याआधी नाही आणि नंतरही नाही. माझ्याच संघातसुद्धा नाही.”

आता डार्ला म्हणेल, छे, एवढं काही नव्हतं हो, असं मार्लिसला वाटलं. दुसरं काही म्हणायला आमच्याकडे कुणी शिकवतच नाही. तिने त्याचीही तयारी ठेवली, की यावेळी ते ऐकूनच घ्यायचं नाही.

डार्लाचे डोळे भरले होते. तिने ते बाहीला पुसले नाहीत.

“पुन्हा सांगा,” ती म्हणाली.

मार्लिसने नळ बंद केला आणि उजव्या कोपऱ्यापासून सांगायला सुरुवात केली.